मुद्रिका आणि तिचे वाचक : एका महाकादंबरीच्या राजकीय अर्थनिर्णयनाचा इतिहास

१

एखाद्या साहित्यकृतीविषयी वाचकांत मतभेद असणे ही नवलाची गोष्ट नाही. नवलाची गोष्ट ती, की एकाच कृतीला परस्परविरोधी राजकीय गटांनी आपापला ध्वज मानावे, आणि त्याच वेळी तिसऱ्या गटाने ती राजकारणशून्य, म्हणून निरर्थक ठरवावी. जे. आर. आर. टोल्कीन (१८९२-१९७३) यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकादंबरीचे असे झाले आहे. लंडनच्या जॉर्ज अ‍ॅलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेने तिचे पहिले दोन खंड १९५४ च्या जुलै आणि नोव्हेंबर महिन्यांत, व तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासूनच्या सात दशकांत तिला युद्धविरोधी तरुणांनी उचलून धरले, नवफॅसिस्ट युवकांनी तिच्या नावाने शिबिरे भरवली, सोव्हिएत वाचकांनी तिच्या टंकलिखित प्रती गुपचूप फिरवल्या आणि डाव्या समीक्षकांनी तिला मध्यमवर्गाची अंगाई ठरवले.

या इतिहासाकडे पाहण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत. एक म्हणते : कृती समृद्ध आहे, म्हणून तिचे अनेक अर्थ लागतात. दुसरी म्हणते : अर्थ कृतीत नसतोच, तो वाचकसमूह घडवतो. प्रस्तुत लेखाला या दोन्ही वाटा अपुऱ्या वाटतात. येथे मांडावयाचा मुद्दा असा, की प्रत्येक वाचकगटाने या कादंबरीतला कोणता भाग पायाशी घेतला यापेक्षा कोणता भाग वाचण्याचे टाळले, हे अधिक बोलके आहे; आणि या टाळलेल्या भागांची बेरीज केली तर ती बहुतांशी एकाच स्थळी येऊन थांबते. ते स्थळ म्हणजे कादंबरीचा नायक आपल्या कार्याच्या शेवटच्या क्षणी हरतो, तो प्रसंग.

२

वादाचा आरंभ प्रकाशनाबरोबरच झाला. पहिल्या खंडाचे स्वागत करताना सी. एस. ल्यूइस यांनी ‘टाइम अँड टाइड’ या साप्ताहिकात ऑगस्ट १९५४ मध्ये अत्यंत उत्साहाने लिहिले. ल्यूइस हे टोल्कीन यांचे स्नेही आणि हस्तलिखिताचे पहिले श्रोते, त्यामुळे त्या उत्साहात मैत्रीचाही वाटा होता. कवी एडविन म्यूर यांनी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कौतुकाबरोबर एक आक्षेप नोंदवला, आणि १९५५ मध्ये तिसऱ्या खंडाच्या परीक्षणात तो अधिक कठोर केला. या जगातली माणसे म्हणजे मोठ्यांची सोंगे घेतलेली मुले आहेत, त्यांना प्रौढत्वाचा अनुभवच नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

अमेरिकेत हा वाद आणखी उघड झाला. डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी जानेवारी १९५६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिताना या पुस्तकाविषयी कुणाचेच मत मध्यममार्गी नसते, असे निरीक्षण नोंदवले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १९५६ मध्ये, ‘द नेशन’ या नियतकालिकात एडमंड विल्सन यांनी त्या निरीक्षणाचा जणू पुरावाच दिला. हे बालवाङ्मय हाताबाहेर गेलेले आहे, त्यातला सत्-असत् संघर्ष पोरकट आहे आणि त्यातल्या दुष्टांची भीती वाटत नाही, असा विल्सन यांचा निकाल होता.

या दोघांत विल्सन आधुनिक, डावे आणि ऑडेन ख्रिस्ती, परंपरावादी अशी विभागणी करून थांबता येत नाही. दोघेही १९३० च्या दशकातल्या डाव्या विचारविश्वातून गेलेले. ‘अ‍ॅक्सल्स कॅसल’ (१९३१) या ग्रंथात विल्सन यांनी आधुनिकतावादी साहित्याची मीमांसा केली आणि ‘टु द फिनलंड स्टेशन’ (१९४०) मध्ये क्रांतिकारक विचाराचा इतिहास लिहिला. राजकारण म्हणजे इतिहासात घडणारा, वर्ग आणि विचार यांचा संघर्ष, अशी त्यांची अपेक्षा होती. ज्या कथेत दुष्टाला चेहराच नाही, ती त्यांना राजकीय वाटणे शक्य नव्हते. ऑडेन यांची दृष्टी वेगळ्याच जागी गेली. दुष्ट सत्तेजवळ सर्व काही असते, फक्त कल्पनाशक्ती नसते. कुणी सत्ता हाती असताना ती नष्ट करू इच्छील हे तिला सुचतच नाही, हा कादंबरीच्या रचनेतला दुवा त्यांनी हेरला. एकाने पात्रांच्या रेखाटनात राजकारण शोधले आणि ते सापडले नाही म्हणून कृती नाकारली. दुसऱ्याने कथानकाच्या तर्कात ते शोधले आणि तिथे त्याला ते सापडले. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. मात्र क्षितिज वाचकाचे असले तरी पाय संहितेतल्या कुठल्यातरी ठिकाणी टेकलेले असतात, हे विसरून चालत नाही.

३

तेव्हा संहितेतली ही ठिकाणे आधी पाहू. कथेचा सांगाडा सर्वपरिचित आहे. सॉरॉन या अधिपतीने घडवलेली मुद्रिका फ्रोडो नावाच्या एका सामान्य हॉबिटाच्या हाती येते. ती वापरता येत नाही, कारण वापरणारा तिचाच होतो. म्हणून शत्रूच्या प्रदेशात, मॉर्डॉरमध्ये जाऊन ती जिथे घडवली त्याच ज्वालामुखीत टाकावयाची, असे ठरते. या कथेत राजकीय वाचनाला आधार देणारी निदान चार ठिकाणे आहेत.

पहिले, सत्तेचा नकार. गँडाल्फ आणि गॅलाड्रिएल यांच्यासारखे समर्थ आणि सद्हेतूचे लोक मुद्रिका स्वीकारत नाहीत. चांगल्या हेतूने वापरू असे म्हणणाऱ्या बॉरोमिरचे अधःपतन होते. दुसरे, राजाचे पुनरागमन. अ‍ॅरागॉर्न हा वंशपरंपरेने अधिकारी असलेला राजा गाँडॉरच्या रिक्त सिंहासनावर बसतो आणि मोडलेली व्यवस्था पुन्हा उभी राहते. तिसरे, शायरची मुक्ती. घरी परतलेल्या हॉबिटांना आपली भूमी दंडेलशाहीखाली आणि यंत्रांच्या धुराखाली सापडते, तेव्हा सामान्य जन उठाव करून ती सोडवतात. चौथे, अग्निपर्वतावरचा शेवट. कड्यावर उभा असलेला फ्रोडो मुद्रिका टाकण्यास नकार देतो आणि ती आपली म्हणून बोटात घालतो. ती नष्ट होते ती त्याच्या निश्चयामुळे नव्हे. ज्या गॉलमला आधी अनेकदा दयेपोटी जिवंत सोडले, तो ती हिसकावतो आणि तिच्यासह कोसळतो.

लेखकाची स्वतःची भूमिका यांपैकी कुठल्याही एका ठिकाणी नीट बसत नाही. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात टोल्कीन यांनी आपला कल अराज्यवादाकडे, अथवा घटनेने न बांधलेल्या राजेशाहीकडे असल्याचे सांगितले. हे दोन टोकांचे पर्याय एकाच वाक्यात येतात, कारण दोन्हींत त्यांना नकोशी असलेली एकच गोष्ट टळते, ती म्हणजे ‘राज्य’ नावाची अमूर्त, यंत्रवत सत्ता. १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशनसंस्थेने ‘द हॉबिट’च्या अनुवादाच्या संदर्भात त्यांच्या आर्य वंशाविषयी विचारणा केली, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या उत्तराच्या मसुद्यात त्या वंशसिद्धान्ताचा तीव्र उपहास आहे आणि ज्यू लोकांविषयीचा आदर स्पष्ट आहे. परंतु त्याच लेखकाने १९५८ मध्ये चित्रपटाच्या एका आराखड्यावर टिपणे लिहिताना ऑर्कांचे रूप सांगण्यासाठी मंगोल चेहऱ्याविषयीच्या युरोपीय तिरस्काराचा आधार घेतला, हेही पत्रसंग्रहातच (१९८१) छापलेले आहे. लेखकाला साक्षीदार म्हणून बोलावणाऱ्या कुठल्याही पक्षाने ही सगळी साक्ष ऐकावी लागते.

दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत (१९६५-६६) टोल्कीन यांनी वाचनाविषयीच एक भेद मांडला. रूपककथा आणि उपयोज्यता या दोहोंत लोक गल्लत करतात. पहिलीत लेखक वाचकावर अर्थ लादतो, दुसरीत वाचक आपल्या स्वातंत्र्याने कथा आपल्या अनुभवाला लावतो, असा त्यांचा आशय आहे. मुद्रिका म्हणजे अणुबाँब, कथेतले युद्ध म्हणजे दुसरे महायुद्ध, हे समीकरण त्यांनी एका मार्मिक युक्तिवादाने फेटाळले. प्रत्यक्ष युद्धाप्रमाणे कथा चालली असती, तर मुद्रिका नष्ट न करता सॉरॉनविरुद्ध वापरली गेली असती, त्याचा दुर्ग पाडण्याऐवजी ताब्यात घेतला असता, आणि दोन्ही पक्षांनी हॉबिटांना तुच्छ लेखले असते. वरवर हा रूपकाचा इन्कार आहे. वस्तुतः मित्रराष्ट्रांनी सत्ता नाकारली नाही, वापरली, असा तो कठोर राजकीय अभिप्राय आहे. वाचकाला स्वातंत्र्य देणाऱ्या त्या प्रस्तावनेतच ही कसोटीही दिलेली आहे, याकडे फारसे लक्ष गेले नाही.

४

वाचकांनी ते स्वातंत्र्य घेतले, आणि त्यांनी त्याचे काय केले हा पुढचा इतिहास आहे. शीतयुद्धाच्या काळातले वाचन सर्वांत सरळ होते : दुष्ट सत्ता पूर्वेला आहे, सबब मॉर्डॉर म्हणजे सोव्हिएत संघ. स्वीडिश अनुवादक ओके ओलमार्क्स यांनी आपल्या अनुवादाच्या प्रस्तावनेत सॉरॉनच्या संदर्भात स्टालिनचे नाव सुचवले, तेव्हा १९६१ मध्ये टोल्कीन यांनी प्रकाशकांना लिहून त्याचा निषेध केला. याच वर्षी फिलिप टॉयन्बी यांनी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये या पुस्तकांचे वेड आता विस्मृतीत गेल्याचा निर्वाळा दिला होता. समीक्षेच्या इतिहासात इतक्या लवकर खोटी ठरलेली भविष्यवाणी विरळाच.

१९६५ मध्ये अमेरिकेत एस बुक्स या संस्थेने स्वामित्वहक्काच्या त्रुटीचा लाभ घेऊन स्वस्त, अनधिकृत आवृत्ती काढली. पाठोपाठ बॅलंटाइनची अधिकृत आवृत्ती आली, आणि या वादाच्या गाजावाजातून कादंबरी विद्यापीठांच्या आवारात पोचली. फ्रोडो जिवंत असल्याची ग्वाही देणारे, गँडाल्फला राष्ट्राध्यक्ष करा म्हणणारे बिल्ले विद्यार्थी छातीवर लावू लागले. व्हिएतनाम युद्धाच्या त्या वर्षांत या वाचकांनी पहिले आणि तिसरे ठिकाण पायाशी घेतले : सत्तेचा नकार, आणि वृक्ष तोडणाऱ्या, भट्ट्या पेटवणाऱ्या सारुमानविरुद्धचा निसर्गाचा उठाव. हे वाचन संहितेशी प्रामाणिक नव्हते असे म्हणता येत नाही. झाडांविषयीची ममता आणि यंत्राविषयीचा संशय कादंबरीत पानोपानी आहे. पण राजा, वंश, आज्ञापालन, आणि शस्त्र हाती घेऊन लढलेली युद्धे यांकडे या वाचकांनी काणाडोळा केला. सॉमच्या रणभूमीवर (१९१६) लढलेला हा लेखक युद्धाचा शोक जाणतो, परंतु तो शांततावादी नाही.

इटलीत नेमके उलटे घडले. तिथे १९७० मध्ये रुस्कोनी या परंपरानिष्ठ प्रकाशनसंस्थेने समग्र अनुवाद काढला. त्याला गूढविद्येचे अभ्यासक एलेमिरे झोल्ला यांची प्रस्तावना होती. आधुनिकतेच्या विरोधातली, प्रतीक आणि परंपरा यांच्या बाजूची कृती म्हणून तिने वाचकाची अपेक्षा घडवली. वाङ्मयाचे व्यासपीठ डाव्यांच्या हाती असलेल्या त्या काळात डाव्या वाचकांनी ती बाजूला ठेवली, आणि रिकामी जागा दुसऱ्यांनी भरली. १९४६ मध्ये मुसोलिनीच्या अनुयायांनी स्थापलेल्या ‘इटालियन सोशल मूव्हमेंट’ या पक्षाच्या युवकांनी जून १९७७ मध्ये बेनेव्हेंतोजवळच्या मोंतेसार्क्यो येथे ‘हॉबिट शिबिर’ भरवले. त्यात संगीत होते, चर्चा होत्या, आणि पराभूत, वेढलेल्या समुदायाचा आत्मगौरव होता. त्यांनी आधार घेतला तो दुसऱ्या ठिकाणाचा : राजाचे पुनरागमन, मूळ भूमी, लढवय्यांचा बंधुसंघ. ‘सगळे जग आपल्या विरोधात आहे, तरी आपण जुन्याशी एकनिष्ठ आहोत’ या भावनेला कादंबरीतून भाषा मिळाली. पण ज्या सत्तेची पूजा त्यांच्या पूर्वसुरींनी केली, तिचेच विष ही कादंबरी सांगते, हा पेच त्यांनी सोडवला नाही. त्याला वळसा घातला.

हे वाचन केवळ गतकाळाची नोंद नाही. त्या पक्षाच्या युवक आघाडीतून १९९२ मध्ये राजकारणात आलेल्या जॉर्जा मेलोनी २०२२ मध्ये इटलीच्या पंतप्रधान झाल्या, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात टोल्कीन यांच्यावरचे मोठे प्रदर्शन शासनाच्या पुढाकाराने भरले. दुसरीकडे, इटलीतल्याच ‘वू मिंग’ या डाव्या लेखकगटातील एका सदस्याने २०१३ मध्ये ग्रंथ लिहून ही कृती उजव्यांच्या ताब्यातून सोडवण्याचा प्रयत्न केला. एका कादंबरीच्या मालकीसाठी असा झगडा चालावा, यावरून अर्थनिर्णयन हा निव्वळ वर्गखोलीतला व्यवहार नाही, हे ध्यानात यावे.

५

सोव्हिएत संघातला प्रवास वेगळा. १९६० च्या दशकात झिनाईदा बोबिर यांनी केलेले संक्षिप्त रूपांतर प्रकाशकाविना टंकलिखित प्रतींतून फिरले. १९८२ मध्ये मॉस्कोच्या बालसाहित्य प्रकाशनगृहाने पहिल्या खंडाचा संक्षिप्त अनुवाद काढला, परंतु पुढील खंड वाचकाच्या हाती पडायला १९९० चे दशक उजाडावे लागले. पश्चिमेतल्या काहींनी ज्या मॉर्डॉरमध्ये सोव्हिएत संघ पाहिला, त्याच मॉर्डॉरमध्ये त्या देशातल्या असंतुष्ट वाचकांनीही आपले राज्य पाहिले. समीकरण एकच असले तरी दोन्ही वाचने एक नव्हेत. बाहेरच्याला तो शत्रू होता. आतल्याला ते घर होते, आणि हॉबिट म्हणजे तो स्वतः. शायरची मुक्ती हे ठिकाण तिथे ज्या अर्थाने वाचले गेले असेल, तो अर्थ लंडनमध्ये बसून लागणारा नव्हता.

याच भाषेतून सर्वांत खोल प्रतिवादही आला. पुराजीवशास्त्रज्ञ किरिल येस्कोव्ह यांनी १९९९ मध्ये ‘शेवटचा मुद्रिकाधारी’ या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी लिहिली. तिच्यात मॉर्डॉर हा विज्ञान आणि उद्योग यांच्या उंबरठ्यावर उभा असलेला विवेकशील देश आहे. त्याचा विध्वंस जादूच्या जुन्या सत्ताधीशांनी केला, आणि आपण वाचतो ती कथा म्हणजे जेत्यांनी लिहिलेला इतिहास, अशी तिची मांडणी. समीक्षेने जो आक्षेप घ्यावा, तो येथे कथेनेच घेतला.

हा आक्षेप आशियातल्या वाचकाला विशेष जाणवावा असा आहे. ‘स्वामी मुद्रिकांचा’ या मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादातून अथवा मूळ इंग्रजीतून ही कथा वाचणाऱ्या मराठी वाचकाला कधीतरी दक्षिणेकडून प्रचंड हत्ती घेऊन येणाऱ्या सावळ्या सैन्याची गाठ पडते. ते शत्रूच्या बाजूचे आहे. त्याला ना नावे आहेत, ना स्वतःचा इतिहास. आपण कुठल्या बाजूला उभे आहोत, हा प्रश्न त्या वाचकाला पडला तर त्यात अतिसंवेदनशीलता नाही. तथापि त्याच प्रसंगी सॅम त्या सैन्यातल्या एका मृत माणसाकडे पाहतो, तो खरोखर दुष्ट होता की खोट्या गोष्टी वा धाक यांमुळे घरापासून इतक्या दूर आला, असा विचार करतो. एका परिच्छेदापुरती का होईना, कादंबरी आपल्याच भूगोलावर शंका घेते. ऑर्क हे मुळातच दुष्ट असतील तर निर्मात्याच्या न्यायाचे काय, हा प्रश्न टोल्कीन यांना अखेरपर्यंत छळत राहिला. त्याविषयीची त्यांची अपुरी, परस्परांशी न जुळणारी टिपणे १९९३ मध्ये ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या खंडात प्रसिद्ध झाली. म्हणून वंशविषयक आक्षेप बाहेरून लादलेला नाही. तो संहितेच्या आतला, न मिटलेला तंटा आहे. २०२२ मध्ये या विश्वावर आधारित दूरचित्रवाणी मालिकेत कृष्णवर्णीय कलावंत दिसताच उठलेले वादळ हे त्या तंट्याचेच उत्तररूप होते.

६

ब्रिटनमध्ये डाव्या समीक्षेचा सूर १९७८ मध्ये मायकेल मूरकॉक यांच्या ‘एपिक पू’ या निबंधात निश्चित झाला. स्वतः अद्भुतकथा लिहिणाऱ्या मूरकॉक यांचा आक्षेप शैलीपासून सुरू होतो. ही भाषा वाचकाला थोपटून झोपवते, ग्रामीण मध्यमवर्गाच्या भयाला सद्गुणाचा वेश देते, असा त्यांचा आरोप आहे. दार्को सुविन यांनी १९७९ मध्ये विज्ञानसाहित्याची मीमांसा करताना अद्भुतकथेला बोधात्मक मूल्य नाकारले होते. फ्रेडरिक जेमसन यांनीही २००५ मध्ये हाच भेद पुढे नेऊन, सत्-असत् या नैतिक द्वंद्वात रमणारी अद्भुतकथा इतिहासाचा विचार करू शकत नाही, असे म्हटले. विल्सन यांचा जुना निकालच येथे सिद्धान्ताच्या भाषेत पुन्हा उच्चारलेला दिसतो.

सामान्य वाचकाने हा निकाल मानला नाही. जानेवारी १९९७ मध्ये वॉटरस्टोन्स ही पुस्तकविक्री संस्था आणि ‘चॅनल फोर’ यांनी घेतलेल्या, पंचवीस हजारांहून अधिक वाचकांच्या कौलात शतकातील श्रेष्ठ ग्रंथ म्हणून हीच कादंबरी पहिली आली. जर्मेन ग्रीअर यांच्यासारख्या विदुषींनी त्यावर उघड निराशा व्यक्त केली. उलट टॉम शिपी यांनी २००० साली टोल्कीन यांना शतकाचा लेखक ठरवणारा ग्रंथ लिहिला. युद्धातून गेलेल्या त्या पिढीने दुष्टतेचा विचार वास्तववादात न मांडता अद्भुतात मांडला, हा त्यांचा युक्तिवाद विचारार्ह आहे. पण बहुसंख्येचा कौल ही वाङ्मयीन गुणवत्ता नव्हे, तसाच विद्वानांचा तिरस्कार हीही समीक्षा नव्हे, एवढेच त्या वादातून निष्पन्न झाले.

या संदर्भात चायना मीएव्हिल यांचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. हे मार्क्सवादी कादंबरीकार एके काळी टोल्कीन यांचे अत्यंत कडवट टीकाकार होते. २००९ मध्ये त्यांनीच टोल्कीन यांच्या थोरवीची पाच कारणे सांगणारा लेख लिहिला. वाचक तोच, राजकीय निष्ठा तीच, संहिताही तीच. बदलले ते वाचन. स्टॅनली फिश यांनी १९८० मध्ये मांडलेला ‘अर्थनिर्णायक समूहां’चा सिद्धान्त खरा मानला, तर समूह न बदलता अर्थ बदलावयास नको. इटालियन शिबिरे आणि अमेरिकन बिल्ले यांचे स्पष्टीकरण तो सिद्धान्त देतो. समूहात राहूनच पुन्हा वाचायला बसलेल्या माणसाचे तो देऊ शकत नाही.

७

वोल्फगांग इझर यांनी संहितेतल्या रिकाम्या जागांचा विचार केला. वाचक त्या भरतो, आणि भरताना अर्थ घडतो. प्रस्तुत इतिहास मात्र वेगळ्या प्रकारच्या जागांकडे बोट दाखवतो. त्या रिकाम्या नाहीत. त्या भरलेल्या आहेत, आणि वाचकाने त्या रिकाम्या केल्या आहेत.

आता आरंभी सांगितलेली बेरीज मांडता येईल. युद्धविरोधी तरुणांनी राजा वगळला. नवफॅसिस्टांनी सत्तेचा नकार वगळला. शीतयुद्धाच्या वाचकाने स्वतःच्या पक्षाच्या हातातली मुद्रिका वगळली. मूरकॉक यांनी कथेच्या समाप्तीचा शोक वगळला : शायर वाचते, पण तिला वाचवणारा फ्रोडो तिच्यात राहू शकत नाही, ही अंगाई नव्हे. येस्कोव्ह यांनी जेत्यांचा इतिहास उघडा पाडला, पण जेता कड्यावर हरलेला असतो हे बाजूस ठेवले. आणि या सर्वांनी मिळून चौथे ठिकाण जवळजवळ न वाचता सोडले.

याचे कारण उघड आहे. पहिली तीन ठिकाणे कुणालातरी आपली म्हणता येतात. नकार देणारा साधू, परतणारा राजा, उठाव करणारे जन यांपैकी प्रत्येकाशी एखादा पक्ष तादात्म्य पावू शकतो. अग्निपर्वताच्या कड्यावर तशी सोय नाही. तिथे सर्वांत निःस्वार्थ माणूसही सत्ता सोडू शकत नाही. आणि जे साधते ते शौर्याने, विचारसरणीने वा रक्ताने साधत नाही, तर निरुपयोगी, घातकी वाटणाऱ्या एका जिवाला पूर्वी दाखवलेल्या दयेमुळे, जवळपास अपघाताने साधते. उर्सुला ल गुइन यांनी १९७५ च्या एका निबंधात फ्रोडो आणि गॉलम यांना एकाच व्यक्तित्वाच्या बाजू म्हणून वाचले, तेव्हा त्या या ठिकाणाच्या फार जवळ पोचल्या होत्या. पण ते वाचन मानसशास्त्रीय होते. त्याचा राजकीय अर्थ असा : कुठलाही पक्ष, कुठलाही हेतू, मुद्रिका धारण करण्यास सुरक्षित नाही. विल्सन यांना जो संघर्ष पोरकट वाटला, त्याच्या टोकाशी सत् आणि असत् यांची रेषा नायकाच्याच हातावरून जाते. शायर, गाँडॉर, मॉर्डॉर असा पक्षांचा नकाशा मांडणारी ही कथा शेवटी त्या नकाशावरचा विश्वास काढून घेते.

यामुळे कादंबरी दोषमुक्त होत नाही. ज्या समाजव्यवस्थेवर तिचा शेवट उभा आहे, ती उतरंडीची आहे. दक्षिणेचा माणूस त्या उतरंडीत मृतदेह म्हणूनच सहानुभूतीस पात्र ठरतो. चौथे ठिकाण दुसऱ्या ठिकाणाला खोडून काढत नाही, त्याच्याशी झगडत राहते. हा झगडा न मिटवता वाचणे, हेच या कृतीचे समर्थ वाचन होय.

एका गोष्टीची नोंद करून थांबतो. २००३ मध्ये अमेरिकेत विदाविश्लेषणाची एक कंपनी स्थापन झाली; तिने आपले नाव या कादंबरीतल्या दूरदर्शी शिळांवरून ‘पॅलंटिर’ असे ठेवले, आणि तिच्या सेवा गुप्तचर व संरक्षण यंत्रणा घेऊ लागल्या. कादंबरीत त्या शिळा खोटे दाखवत नाहीत, पण शत्रूला हवे तेवढेच दाखवतात. त्यांत पाहून सारुमान शत्रूचा अंकित होतो आणि गाँडॉरचा कारभारी डेनेथॉर हताश होऊन जळून मरतो. ज्यांनी हे नाव घेतले त्यांनी शिळांचे सामर्थ्य वाचले. लेखकाने वाचकाला दिलेल्या स्वातंत्र्यात हेही बसते, हे मान्यच करावे लागते. परंतु स्वातंत्र्याने केलेले वाचनही वाचकाविषयी काही सांगते, आणि आपण काय वाचायचे टाळले याचा जाब त्याला विचारता येतो. हा जाब विचारणे, हे वाचकांच्या मतभेदांचा इतिहास लिहिणाऱ्याचे काम आहे. अर्थात, स्वतःच्या वाचनालाही तोच प्रश्न विचारल्यावर.